खेकडा, बिशप आणि लुवीनिया बाउझर

लुवीनिया बाउझर लिहिते हे आमच्या बाल्टिमोरच्या काळ्या वस्तीत, ड्रुइड हिल ॲव्हेन्यूवर झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त साहित्य कळणाऱ्यांना.

माझं, म्हणजे अर्नेस्टीनचं, तिथे केस करायचं दुकान होतं. ‘बीकन’ हे आमचं साप्ताहिक गुरुवारी यायचं, त्यामुळे गुरुवारी दुकानात बसायला जागा नसायची. निम्म्या बायकांचे केस आदल्याच आठवड्यात करून झालेले असत, तरी त्या यायच्या. पहिलं पान कुणी बघायचं नाही. पाचव्या पानावर लुवीनियाची कादंबरी असायची, दर आठवड्याला थोडी थोडी. मयताची व्यवस्था करणाऱ्या एका माणसाची विधवा, हॅटी तिचं नाव, नवरा गेल्यावर त्याचा धंदा स्वतः चालवते, आणि गावातले तीन विधुर तिच्यामागे लागतात. एकाला ती हवी, एकाला धंदा हवा, आणि तिसऱ्याला फक्त तिची शवगाडी हवी. मी कुरळे केस सरळ करायची लोखंडी फणी तापवायची, कुणीतरी मोठ्याने वाचायचं, आणि हसता हसता मान हलली की कुणाचा तरी कान भाजायचा. कान भाजलेल्या बायका आमच्या पेठेत लगेच ओळखू यायच्या. त्या लुवीनियाच्या वाचक.

लुवीनिया दिसायला उंच, हाडापेराने मोठी, आणि टोप्यांची भारी शौकीन. तिच्या टोपीवरच्या पिसांमुळे चर्चमध्ये मागच्या बाकावरच्यांना पाद्री दिसत नसे, आणि त्याबद्दल कुणी तिला बोललं तर ती म्हणायची, “ऐकू येतंय ना? मग झालं.” तिचा नवरा ॲसबरी रेल्वेच्या झोपायच्या डब्यात प्रवाशांचे बिछाने घालणारा पोर्टर होता. चार दिवस गाडीवर, दोन दिवस घरी. गाडीत श्रीमंत गोऱ्यांच्या तोंडून जे जे ऐकलं ते तो घरी येऊन बायकोला सांगायचा, आणि पुढच्या गुरुवारी ते हॅटीच्या दुकानात कुणाच्या तरी तोंडी निघायचं. सुखाचा संसार होता.

लग्नाआधी ती शाळेत शिकवायची. त्या काळी शिक्षिकेने लग्न केलं की तिची नोकरी जायची. शाळेचे मुख्याध्यापक होते प्रोफेसर थॅडियस क्वार्ल्स. ते लुवीनियाच्या लग्नाला आले, वधूवरांना आशीर्वाद दिले, केकचा दुसरा तुकडा मागून घेतला, आणि सोमवारी तिला कामावरून कमी केलं. “नियम म्हणजे नियम, सिस्टर बाउझर,” असं म्हणाले म्हणे. तिचं नवं आडनाव सगळ्यांत आधी वापरणारा माणूस तो.

त्यांना प्रोफेसर कुणी केलं हे विचारायचं नसतं. एका उन्हाळ्यात ते बोस्टनला गेले होते. गेले तेव्हा साधे मास्तर होते, परत आले ते प्रोफेसर होऊन, आणि येताना आवाजही बदलून आणला. तो आता नाकातून यायचा. परत आल्यावर त्यांनी पार्नासस मंडळ काढलं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी चर्चच्या तळघरात एक डॉक्टर, दोन वकील, एक दंतवैद्य आणि मयताची व्यवस्था करणारे मिस्टर पिंडर असे जमायचे आणि रोमन वक्त्यांवर निबंध वाचायचे. बायकांनाही मंडळात प्रवेश होता. घटनेत तसं कलमच होतं. बायकांनी जलपान समितीवर यायचं.

लुवीनिया त्या समितीवर होती. मी तिला एकदा विचारलं, “अगं, तू तिथे कशाला जातेस? सॅलड करायला?”

“ऐकायला जाते,” ती म्हणाली. “हॅटीचा तिसरा विधुर कुठून आला असं वाटतं तुला?”

मिस्टर पिंडर आणि शवगाडी. मला तोवर सुचलंच नव्हतं. पिंडरना तर कधीच सुचलं नाही.

मंडळात तिच्या कादंबरीचा विषय एकदाच निघाला. दंतवैद्यांनी चुकून सांगितलं की त्यांची बायको ती वाचते. प्रोफेसर म्हणाले, “ज्या वाचनाने माणूस मोठ्याने हसतो, त्याला साहित्य म्हणत नाहीत.” हे लुवीनियाने स्वयंपाकघरातून ऐकलं, आणि पुढच्या गुरुवारी हॅटीच्या पहिल्या विधुराने तेच वाक्य शोकसभेत म्हटलं.

मग एका वसंतात मिसेस थॉर्न आल्या.

त्या दिवसांत न्यूयॉर्कच्या पैसेवाल्या गोऱ्या बायकांना काळ्यांचं साहित्य शोधायचा नाद लागला होता. त्याआधी त्यांना चिनी सोंगट्यांचा नाद होता. सोंगट्यांचा कंटाळा आला तेव्हा आमचा नंबर लागला. मिसेस कॉर्डेलिया थॉर्न यांनी प्रोफेसरांना कळवलं की आपल्याला बाल्टिमोरच्या निग्रो प्रतिभेचं दर्शन घ्यायचं आहे, आणि मंडळ मनात भरलं तर एका वाचनालयालाही हातभार लावायचा आहे. मंडळात नुसती धांदल उडाली. तळघराला रंग दिला. दंतवैद्यांनी स्वतःच्या प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या आणल्या. प्रोफेसरांनी आमच्या शहराला लागून असलेल्या चेसापीक उपसागरावर एक स्तोत्र रचलं, ज्यात उपसागराला प्रत्येक कडव्यात नव्याने हाक मारली होती.

त्या दिवशी जलपान समितीने खेकड्याच्या वड्या तळल्या. मीही मदतीला गेले होते. बाहेर प्रोफेसर उपसागराला हाका मारत होते आणि मिसेस थॉर्न डोळे मिटून बसल्या होत्या. प्रोफेसरांना वाटलं, भारावल्यात. आत स्वयंपाकघरात लुवीनिया झारा हातात घेऊन स्तोत्राला उत्तर देत होती, उपसागराच्या वतीने.

“कोण आहे? कोण हाका मारतंय मघापासून?” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “थॅडियस होय? अरे बाबा, भरती चालू आहे, कामात आहे मी. ओहोटीला ये.”

आम्ही तोंडात पदरासारखे ॲप्रन कोंबून हसत होतो, तेवढ्यात दारात मिसेस थॉर्न उभ्या. तळणाच्या वासाने आल्या की हसण्याने, देवाला माहीत. गळ्यात लाकडी मण्यांची भलीमोठी माळ, जी आमच्यातल्या कुणी मेल्यावरही घातली नसती. त्यांच्यामागे प्रोफेसर.

“ही कोण?” मिसेस थॉर्ननी विचारलं.

“ही?” प्रोफेसर म्हणाले. “ही आमची जलपान समिती.”

मिसेस थॉर्न लुवीनियाजवळ गेल्या, तिचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, “तुझ्या आवाजात जंगल आहे.”

“सर्दी आहे बाई,” लुवीनिया म्हणाली. “परवापासून.”

पण मिसेस थॉर्नना जंगलच हवं होतं. त्यांची एक चुलतबहीण शहराच्या गोऱ्या भागात, रोलंड पार्कात राहायची. तिच्याकडे मुक्काम करून त्यांनी लुवीनियाला दर बुधवारी बोलावलं. काम सोपं होतं. लुवीनियाने आपल्या आजीने सांगितलेल्या जुन्या गोष्टी सांगायच्या, आणि मिसेस थॉर्नच्या सेक्रेटरीने त्या उतरवून घ्यायच्या. त्याबद्दल मानधन होतं, पण लुवीनिया पैशासाठी गेली नाही. तिच्याकडे एक पुरी झालेली कादंबरी होती, हॅटीची नव्हे, वेगळी, नीट बांधून लिहिलेली. आमच्याच पेठेतल्या दोन बहिणींची. एकीने डॉक्टरशी लग्न केलेलं, दुसरीने पियानोशी. मिसेस थॉर्ननी शब्द दिला की आधी गोष्टी, मग कादंबरी न्यूयॉर्कच्या प्रकाशकाकडे.

“विश्वास आहे तुझा तिच्यावर?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “पण न्यूयॉर्कचा प्रकाशक काही माझ्या दारी येणार नाहीये. तुझ्या दुकानी केस करायलाही नाही.”

पहिल्या बुधवारी ती तिची सगळ्यांत मोठी टोपी घालून गेली आणि संध्याकाळी थेट माझ्याकडे आली.

“कशी आहे बाई?”

“माझ्याशी आत्म्याच्या पातळीवर बोलते,” लुवीनिया टोपीच्या पिना काढत म्हणाली. “म्हणाली, लुवीनिया, तुझा आणि माझा आत्मा एकच आहे. फक्त माझा आत्मा मागच्या दाराने आत येतो. पुढच्या दाराने आला तर तिच्या चुलतबहिणीला चक्कर येते.”

“आणि गोष्ट काय सांगितलीस?”

इथे खरी अडचण होती. लुवीनियाची आजी मला चांगली आठवते. कडक मेथडिस्ट बाई, गोष्टी सांगणं पाप समजायची. जन्मात ती फक्त आपल्या गुडघ्यांबद्दल बोलली. मिसेस थॉर्नना हवी होती कापसाच्या शेतातली, चंद्राशी बोलणारी आजी. आमच्या लुवीनियाने कापूस पाहिला होता तो औषधाच्या बाटलीच्या तोंडाशी खुपसलेला.

“रचली एक,” ती म्हणाली.

“म्हणजे खोटं सांगितलंस?”

“खोटं कसलं? कादंबरीच लिहितेय मी. तिला माहीत नाही एवढंच.”

उन्हाळाभर ती दर बुधवारी गेली आणि दर बुधवारी एक आजीची गोष्ट झाली. ट्रामच्या प्रवासात ती रचायची. त्यातली सगळ्यांत गाजली ती खेकड्याची. त्या दिवशी ती आधी बाजारात गेली होती, आणि पिशवीतल्या जिवंत खेकड्यांपैकी एकाने ट्रामभर तिच्या मांडीला चिमटे काढले. रोलंड पार्कला पोचेस्तोवर गोष्ट तयार.

गोष्ट अशी. एक खेकडा चर्चला जातो. दारात बिशप त्याला अडवतो. म्हणतो, या दारातून सरळ चालणारेच आत येतात. खेकडा म्हणतो, ठीक आहे महाराज. तो घरी जातो, आईला सांगतो, मावशीला सांगतो, भाऊबंद गोळा करतो. सगळे मिळून चर्चखालची वाळू उकरायला लागतात. उकरता उकरता सगळं चर्च हळूहळू फिरतं आणि दार समोरचं बाजूला जातं. सकाळी बिशप सरळ चालत येतो तो भिंतीवर आपटतो. आत जायचं तर त्यालाच आडवं चालावं लागतं. खेकडा म्हणतो, या महाराज, सवय होईल.

ही गोष्ट ऐकून मिसेस थॉर्न रडल्या. लुवीनिया बुचकळ्यात पडली. ती आम्ही ऐकली तेव्हा एका बाईच्या हातून चहाची बशी पडली होती, इतकं हसू आलं होतं. “रडायला काय झालं?” मी विचारलं.

“म्हणाली, यात हजारो वर्षांचं दुःख आहे,” लुवीनियाने मांडी चोळली. “काळानिळा डाग पडलाय तिथे. दुःख आहेच म्हणा.”

पानगळ सुरू झाली तशी लुवीनियाने कादंबरी नेऊन दिली. वाट पाहण्यात थंडी गेली. मग कादंबरी परत आली. मिसेस थॉर्नचं म्हणणं तोंडी, सेक्रेटरीमार्फत कळलं. लेखन बरं आहे, पण यातल्या लोकांच्या घरी पियानो आहे, एक जण डॉक्टर आहे, आणि पानंच्या पानं उलटली तरी कुणी शेतात जात नाही. हे खरे निग्रो वाटत नाहीत. वाचकांचा विश्वास बसणार नाही.

लुवीनियाच्या घरी पियानो होता. तिने तो उघडला, एक भजन वाजवलं, बंद केला, आणि त्या आठवड्यात हॅटीच्या दुकानात एक गोरी बाई आली, जिला मेलेल्या माणसाला विचारायचं होतं की तो खरा मेलाय का.

वसंतात आजीच्या गोष्टींचं पुस्तक निघालं. न्यूयॉर्कहून, जाड कागदावर, वर लाकडाच्या ठशातलं चित्र. ‘मातीचे हुंदके’ असं नाव. संकलन, कॉर्डेलिया थॉर्न. लुवीनियाचं नाव कुठे आहे म्हणून आम्ही दुकानात पानं उलटायला लागलो. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटली. नाव नव्हतं. प्रस्तावनेत एवढंच होतं की या गोष्टी आमच्या मेरीलँड राज्यातल्या एका निरक्षर, दात पडलेल्या, साध्याभोळ्या म्हातारीच्या तोंडून आल्या, जिला आपण काय सांगतो आहोत याची कल्पना नव्हती.

लुवीनिया तेव्हा चाळिशीच्याही आत होती. ती उठली, माझ्या आरशासमोर गेली आणि ओठ मागे ओढून दात पाहिले. वरचे, मग खालचे.

“निरक्षर म्हणू दे,” ती म्हणाली. “शाळेतून काढलंच होतं मला. साधीभोळी म्हणू दे, ते तिचं अज्ञान. पण दात, अर्नेस्टीन? दाताला काय झालंय माझ्या?”

तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही पाहिलं नाही, कारण मी दुकानाचा पडदा ओढून बाकीच्यांना बाहेर काढलं आणि स्वतः मागे जाऊन पाणी तापवत बसले. बाहेर आले तेव्हा ती टोपी घालत होती आणि टोपी काही केल्या नीट बसत नव्हती.

पुस्तक जोरात खपलं. ॲसबरी एका फेरीहून आला तो सांगायला लागला की वरच्या बर्थवरचा साहेब तेच वाचत होता. “उशी द्यायला गेलो तर मला म्हणाला, पोरा, तुम्हा लोकांत फार गूढ शहाणपण आहे. म्हटलं, होय साहेब, घरी रोज ऐकून घेतो.” तो हसला, मग त्याने बायकोकडे बघितलं. “सांगू का त्याला पुढच्या वेळी? कुणाचं आहे ते?”

“सांग,” लुवीनिया म्हणाली. “मग तो विचारेल, आजीची गोष्ट म्हणून खोटी गोष्ट का विकली. मग मी लेखिका ठरेन की लबाड ठरेन?”

ती कात्रीत सापडली होती. गोष्टी माझ्या म्हणावं तर फसवलं म्हणून बोंब होणार. गप्प बसावं तर ती दात पडलेली म्हातारी. तिने उन्हाळा गप्प बसून काढला. आम्हाला ते फार जड गेलं. लुवीनिया गप्प म्हणजे गुरुवारी पाऊस.

तिला बोलतं केलं ते प्रोफेसरांनी. मिसेस थॉर्न वाचनालयाचं अजून नुसतं बोलतच होत्या, तेव्हा त्यांना त्याची आठवण राहावी म्हणून मंडळाने प्रोफेसर क्वार्ल्स यांचं जाहीर व्याख्यान ठेवलं. विषय, ‘मातीचे हुंदके: आपला प्राचीन ठेवा’. या वेळी मुख्य सभागृह होतं, बायकांनाही बाकांवर बसायला परवानगी होती. मिसेस थॉर्न येणार होत्या, पण त्यांची मोटार वाटेत बिघडली, म्हणून त्यांची रिकामी खुर्ची व्यासपीठावर फुलं घालून ठेवली होती. प्रोफेसर पांढरे पायमोजे बुटांवर चढवून आले होते. वारंवार खुर्चीकडे बघून बोलत होते.

ते खेकड्यावर आले. म्हणाले, खेकड्याची ही कथा आफ्रिकेतून, गिनीच्या किनाऱ्यावरून तीनशे वर्षांपूर्वी आली. आडवी चाल म्हणजे सूर्याच्या प्रदक्षिणेचं रूपक. वाळू म्हणजे काळ. बिशप हे अर्थात नंतरचं ख्रिस्ती कलम.

लुवीनिया उठली. टोपी अशी होती की ती उठल्याचं सगळ्यांनाच कळलं.

“प्रोफेसर,” ती म्हणाली, “तो खेकडा मी बुधवारच्या बाजारात घेतला होता.”

सभागृहात खसखस पिकली. प्रोफेसरांनी चष्मा पुसला.

“सिस्टर बाउझर, प्रश्न शेवटी.”

“प्रश्न नाहीच मुळी. ती गोष्ट मी रचलीये. ट्राममध्ये. बाकीच्याही मीच. गिनीचा आणि तिचा काही संबंध नाही. ती रोलंड पार्कच्या ट्रामने आलीये, आणि उभ्याने आलीये.”

झालं. मला वाटलं आता प्रोफेसर खाली बसणार. पण माणूस मुरलेला होता. त्याने मायेने तिच्याकडे पाहिलं, म्हणजे शाळेत नापास पोराकडे बघतात तसं.

“आपण पाहिलंत,” ते सभेला म्हणाले. “हेच ते. लोकप्रतिभा कशी काम करते बघा. त्या बिचाऱ्यांना खरंच वाटतं की हे आपल्याला सुचलं. परंपरा त्यांच्या तोंडून बोलते आणि त्यांना पत्ताही नसतो. बसा, सिस्टर. आपलं काही चुकलेलं नाही.”

आणि पहिल्या रांगेतून टाळ्या पडल्या. डॉक्टर, वकील, पिंडर, सगळे. मला तिथल्या तिथे कुणाचा तरी कान भाजावासा वाटला.

लुवीनिया बसली नाही. “असं होय,” ती म्हणाली. “मग आता परंपरेला अजून थोडं बोलायचंय. बोलू द्या तिला.”

आणि तिने गोष्ट पुढे चालू केली. तिथेच, उभ्या उभ्या. चर्च फिरल्यावर सगळे खेकडे आत जाऊन बसले, ती म्हणाली. मग एक बगळा आला. पायांत पांढरे मोजे. एका उन्हाळ्यात तो वरच्या किनाऱ्याला जाऊन आला होता आणि तेव्हापासून चोचीऐवजी नाकातून बोलायचा. तो खेकड्यांना म्हणाला, तुम्ही आडवे का चालता हे तुम्हाला कळत नाही, मी समजावतो. खेकडे म्हणाले, समजावा की. बगळा बोलत राहिला. त्याच्यासमोर एक रिकामी शिंपली ठेवली होती, तो तिच्याकडे बघूनच बोलायचा. भरतीची वेळ झाली. खेकडे म्हणाले, महाराज, पाणी येतंय. बगळा म्हणाला, पाणी हे रूपक आहे.

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. मागच्या बाकांपासून हसणं उठलं ते पुढे येत गेलं. दंतवैद्यांची बायको बाकावर आडवी झाली. पाद्रीसाहेब बायबल तोंडावर धरून बसले होते आणि बायबल हलत होतं. प्रोफेसर एकदा खुर्चीकडे बघत होते, एकदा स्वतःच्या पायांकडे. शेवटी ते म्हणाले, “जलपानाची व्यवस्था खाली आहे.” त्या दिवशी जलपानाची व्यवस्था नव्हती. समिती वर बाकांवर बसून हसत होती.

याची किंमत तिने मोजली. पार्नासस मंडळाने तिला समितीवरून काढलं, म्हणजे सॅलड करायची मनाई केली. ते तिने सोसलं. पण मंडळातलेच लोक ‘बीकन’मध्ये जाहिराती द्यायचे. पिंडरची शवगाडी तर दर आठवड्याला शेवटच्या पानावर असायची. ते सगळे संपादक मिस्टर गेन्स यांच्याकडे गेले. गेन्स भित्रा, पण वाईट माणूस नव्हे. पुढच्या गुरुवारी पाचव्या पानावर कादंबरी नव्हती. तिथे प्रोफेसरांचं स्तोत्र होतं.

दुकानात मी ते मोठ्याने वाचलं. दुसऱ्या कडव्याला एक बाई उठली आणि म्हणाली, “अर्नेस्टीन, हे ऐकून माझे केस परत कुरळे झाले.” तिने अंक घडी करून परत दिला आणि सरळ छापखान्यावर गेली. तिच्यामागे आणखी गेल्या. मी फणी थंड केली आणि मीही गेले. गेन्सच्या टेबलावर अंकांची चळत लागली. दंतवैद्यांची बायको त्यात होती. सगळ्यांत शेवटी आल्या मिसेस पिंडर, काळे हातमोजे घालून, नवऱ्याच्याच शवगाडीतून.

“मिस्टर गेन्स,” त्या म्हणाल्या, “हॅटी कुणाशी लग्न करणार ते मला कळल्याशिवाय आमच्या घरून जाहिरात येणार नाही.”

“पण मिस्टर पिंडरच म्हणाले की—”

“मिस्टर पिंडर कुणाला पुरायचं ते ठरवतात. बाकीचं मी बघते.”

दोनच आठवड्यांत कादंबरी परत आली. लुवीनियाने गेन्सला एक अट घातली. इतकी वर्षं वर फक्त ‘एल. बी.’ एवढंच छापायचे. आता पुरतं नाव, आणि अक्षरं शवगाडीच्या जाहिरातीएवढी. ‘लुवीनिया बाउझर लिखित’. तो अंक आला तेव्हा ती दुकानात येऊन बसली, अंक मांडीवर उघडला आणि बराच वेळ वाचत राहिली. मी खांद्यावरून पाहिलं. ती गोष्ट वाचतच नव्हती. कादंबरीच्या शेवटी हॅटीने कुणाशीच लग्न केलं नाही. तिसऱ्या विधुराला तिने शवगाडी दिली, तो मेल्यावर, आतून.

वाचनालय काही झालं नाही. मिसेस थॉर्नना पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या मडक्यांचा नाद लागला. प्रोफेसर मुख्याध्यापक म्हणून सन्मानाने निवृत्त झाले आणि त्यांच्या नावाने एक पदक आहे. लुवीनियाची दोन बहिणींची कादंबरी कुणी छापली नाही. ‘बीकन’ चालला तोवर ती लिहीत होती. युद्धाच्या काळात तो बंद पडला, आणि शांतता झाली त्या वर्षी लुवीनियाला न्यूमोनिया झाला. मी तिचे केस शेवटचे केले ते पिंडरकडे. दात सगळे जागेवर होते, हे मी मुद्दाम पाहिलं.

‘बीकन’चे अंक कुणी जपून ठेवले नाहीत. आमच्याकडे वाफवलेले खेकडे खायचे तर टेबलावर वर्तमानपत्र पसरतात, त्यावर खेकडे ओततात, लाकडी हातोडीने फोडून खातात आणि कवचांसकट कागद गुंडाळून फेकून देतात. लुवीनियाच्या साहित्याचं तेच झालं. आम्ही ते वाचलं, हसलो, आणि त्यावर जेवलो. ‘मातीचे हुंदके’ मात्र जाड कागदावर होतं. ते टिकलं.

मागच्या वर्षी माझी नात डेल्फीन शाळेतून पेपर घेऊन आली. त्यात खेकडा आणि बिशपची गोष्ट होती, आणि खाली प्रश्न होता, ही कथा कुणाची. डेल्फीनने लिहिलं होतं, लुवीनिया बाउझर. त्यावर लाल फुली. बाजूला बाईंनी लिहिलं होतं, ‘लोककथा. अज्ञात.’

मी शाळेत गेले. बाई तरुण होती, आमच्यातलीच, वॉशिंग्टनला शिकलेली, मिस रेनफ्रो. केस तिने सरळ केलेच नव्हते, गोल वाढवले होते, हल्ली मुली ठेवतात तसे. माझा धंदा बुडवायला निघालेली पिढी, पण तिला शोभत होतं. तिने मला बसायला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. ट्राम, मागचं दार, बगळा, सगळं. बगळ्याला ती हसली, चांगली मोठ्याने.

मग म्हणाली, “आजी, मला पटतंय. पण कुठे छापील आधार नाही ना. पुस्तकात अज्ञात म्हटलंय. तुमच्याकडे काही पुरावा आहे का?”

“वीसेक वर्षं मी तिचे केस केले,” मी म्हटलं. “आणखी काय पुरावा पाहिजे?”

मिस रेनफ्रोने विचार केला. पोरगी प्रामाणिक होती, तिला खोटंही वागायचं नव्हतं आणि मला दुखवायचंही नव्हतं. तिने डेल्फीनचा पेपर काढला, लाल फुली खोडली, आणि तिथे अर्धा मार्क दिला.

मी तो घेतला. म्हटलं, “उरलेल्या अर्ध्यासाठी शनिवारी दुकानात ये. केस नको करून घेऊस, नुसती बस.”